भीती कोणाच्या बाजूने सांगायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी भयकथेला आलेल्या नव्या बहराविषयीचा लेख वाचला. तरुण वाचक पुन्हा गूढकथेकडे वळले आहेत आणि मोबाइलवर कथा ऐकणाऱ्यांची त्यात मोठी भर पडली आहे, हे वाचून मला आनंद झाला, कारण शाळकरी वयापासून नगर वाचनालयातून भयकथांची पुस्तके आणून, घरच्यांच्या नकळत माळ्यावर बसून वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे. मात्र नव्या भयकथेत भुताखेतांची जागा आता कुटुंबाने आणि मनोविकाराने घेतली आहे, ही गोष्ट लेखकाने प्रगतीची खूण म्हणून नोंदवली आहे, आणि तेथे मी अडखळले. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या थोरल्या भावाला १९८८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, स्किझोफ्रेनिया झाला आणि तेव्हापासून आजतागायत आम्ही एकाच घरात राहतो. पुण्यातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी भयकथेची वाचक आहे आणि शुभंकरही आहे. या दोन्ही नात्यांनी जे म्हणावेसे वाटते ते थोडे विस्ताराने मांडते. जागेअभावी काटछाट करावी लागली तर ती अवश्य करावी, फक्त स्वयंपाकघराचा भाग तेवढा राहू द्यावा.

आमच्या पिढीची भयकथा दोन वाटांनी आली. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या बहुतेक कथांत अभद्र शक्ती बाहेरून येते, नीटनेटक्या मध्यमवर्गीय घरात शिरते आणि तिला हुसकावून लावण्याइतके सामर्थ्य असलेले कोणीतरी वेळेवर दाराशी उभे राहते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत पुष्कळदा ती शक्ती बाहेरून यायचीच गरज नसते. नवराबायकोच्या, बापलेकाच्या, शेजाऱ्याशेजाऱ्याच्या संबंधांत जे कुजत पडलेले असते त्यातूनच भय उगवते. ही दुसरी वाट मला अधिक अवघड आणि अधिक खरी वाटत आली आहे. आजचे तरुण लेखक कुटुंब आणि मन यांच्याकडे वळले असतील तर ते या वाटेचेच वारसदार आहेत, आणि त्यांनी हा विषय सोडून द्यावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. मनोविकार हा भयकथेचा विषय होऊ नये असे मानणारे काही डॉक्टर मला भेटले आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या घरात हा आजार राहतो त्या घरात भय असते, रात्रंदिवस असते, आणि ते सांगायला भयकथेइतका योग्य प्रकार दुसरा नाही.

माझी तक्रार कथेच्या शेवटच्या पानाशी आहे. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या आणि ऐकलेल्या कितीतरी कथांचा सांगाडा एकच आहे. जुना वाडा किंवा डोंगराकडेचा बंगला असतो, एक कुटुंब असते, घरात चमत्कारिक घटना घडत असतात, वाचकाचा संशय कधी मृत आजीवर तर कधी बंद खोलीवर जातो, आणि शेवटी उलगडा होतो की भूत वगैरे काही नव्हते, सारे घरातला वेडा मुलगाच करत होता. तेथे कथा संपते. म्हणजे मनोविकार हे कोड्याचे उत्तर ठरते. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण अतर्क्याला अखेर एक नाव मिळाले आणि नुसते नावच नाही, एक पत्ताही मिळाला. तो पत्ता आमच्या घराचा असतो. पुस्तक मिटल्यावर भूत पुस्तकातच राहते. वेडा मात्र शेजारच्या बिऱ्हाडात राहत असतो, दूध आणायला जिना उतरत असतो, आणि त्याला पाहून लोक मुलांना घरात ओढून घेतात.

दादाच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सुरुवातीच्या काळातल्या औषधांनी त्याचे अंग ताठ झाले होते. तो पावले घासत चाले, हात शरीराला चिकटून राहत, चेहरा दगडासारखा दिसे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळे, आणि पाय सतत चाळवत असल्यामुळे त्याला एका जागी बसणे अशक्य होई. कथेतल्या किंवा पडद्यावरच्या वेड्याचे चालणे-बोलणे आठवून पाहावे. ते नेमके असेच असते. पण यातले बहुतेक सगळे औषधांच्या दुष्परिणामांचे चित्र आहे, जुन्या पठडीतल्या औषधांनी येणाऱ्या कंपवातासारख्या ताठरपणाचे. म्हणजे माणूस उपचार घेत असल्याची जी खूण, तिलाच कथाकारांनी राक्षसीपणाची खूण करून टाकले. आमच्या आळीतली मुले दादाच्या पावलांचा आवाज ऐकून पळत, आणि दादा मला विचारी, "माझ्या मागे कोण येतंय म्हणून ती पळतात?" आपल्या मागे कोणीतरी आहे अशी त्याला आधीच भीती होती, मुलांच्या पळण्याने ती पक्की झाली.

आजाराच्या नावाचाही घोळ आहेच. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हा शब्द योजला तो दुभंगणे आणि मन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून. विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांपासून झालेली फारकत त्यांना अभिप्रेत होती. मराठीत छिन्नमनस्कता, दुभंग मन असे प्रतिशब्द आले आणि कथाकारांनी त्यांचा अर्थ एका देहात दोन माणसे असा घेतला: दिवसा सज्जन आणि रात्री खुनी. ती कल्पना सर्वस्वी वेगळ्या विकाराकडे बोट दाखवते, आणि त्या विकाराचेही ते चित्रण खरे नाही. जपानमध्ये याच कारणाने २००२ साली आजाराचे नावच बदलण्यात आले. मन फुटल्याचा अर्थ देणारा जुना शब्द काढून मनाच्या समन्वयाचा बिघाड अशा अर्थाचा शब्द स्वीकारला गेला, आणि त्या मागणीत रुग्णांचे नातेवाईक पुढे होते. आपल्याकडे असे काही होईल तेव्हा होवो, पण ज्याने हा शब्द कथेत वापरायचा त्याने तो एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

कथाकाराला खरोखर भय हवे असेल तर ते या आजारात भरपूर आहे, फक्त ते दुसऱ्या जागी आहे. बहुतेक कथांत रुग्णाला आकृत्या दिसतात. या आजारात दिसण्यापेक्षा ऐकू येणे अधिक असते, आणि जे ऐकू येते ते किंकाळ्या, हास्य, मंत्रोच्चार असे काही बहुधा नसते. दादाला ऐकू येणारा आवाज आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वी राहून गेलेल्या एका निवृत्त कारकुनाचा होता. तो आवाज दादाशी बोलत नसे, दादाविषयी बोले; तिऱ्हाइताने रोजनाम्यात नोंद करावी तसा. "आता उठला. आता तांब्या उचलला. आता पाणी पिण्याचं सोंग करील." जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी आजाराची जी ठळक लक्षणे सांगितली त्यांत प्रत्येक कृतीवर शेरा मारणाऱ्या या आवाजाचा समावेश आहे, हे मला फार पुढे कळले. त्या काळात मला एवढेच दिसे की दादा तांब्या उचलतो, थांबतो, आणि न पिता खाली ठेवतो. उन्हाळ्याच्या दिवसांत त्याचे ओठ सुकून फुटलेले असत. आवाजाला खोटे पाडण्यासाठी तो तहानलेला राहत होता, आणि घरातले आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

आणखी एक उदाहरण देते. आपली आई ही आपली आई नाही, तिच्यासारखी हुबेहूब दिसणारी दुसरीच कोणी बाई तिच्या जागी आणून ठेवली आहे, असा ठाम भ्रम काही रुग्णांना होतो. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रा यांनी एका सहकाऱ्यासह १९२३ साली त्याचे वर्णन केले, आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या गटातल्या एका काकूंच्या मुलाला तो होता. एखादा कथाकार हा विषय उचलतो तेव्हा त्याला लगेच प्रश्न पडतो की बाई खरी की तोतया, आणि तो त्या कोड्याच्या मागे धावतो. पण भयाची जागा कोड्यात नाही. ज्या मुलाला चेहरा ओळखू येतो पण चेहऱ्यासोबत एरवी येणारी माया येत नाही, त्याची रात्र कशी जात असेल? आणि ज्या बाईकडे तिचाच मुलगा रोज सकाळी, सभ्यपणे, आपल्या आईचा ठावठिकाणा विचारतो, ती त्याला चहा देताना काय म्हणत असेल? त्या काकू म्हणत, "त्या येतीलच आता, तोवर तू चहा घे." सहा महिने त्यांनी स्वतःच्या घरात स्वतःची वाट पाहिली. एवढे भय कुठल्या वाड्यातल्या बंद खोलीत आहे, मला माहीत नाही.

आयांविषयीही बोलले पाहिजे, कारण या कथांत दोष शेवटी आईच्या पदरात पडतो. अति माया करणारी, मुलाला पदराआड ठेवणारी, किंवा उलट थंड आणि कठोर आई आणि तिच्यामुळे वेडा झालेला मुलगा, ही जोडी भयकथेत इतकी रुळली आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी आजार निर्माण करणारी आई अशी कल्पना मांडली होती आणि पुढची दोन-तीन दशके ती पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात प्रतिष्ठेने वावरली. पुढे ती टाकून दिली गेली, कारण तिला पुराव्याचा आधार मिळाला नाही. संशोधनातून उभे राहिले ते वेगळेच. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि घरातल्या वातावरणाचा प्रभाव आजार उद्भवण्यापेक्षा तो उलटण्यावर अधिक दिसतो. ज्या घरात सतत टोचून बोलणे, वैर किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते तेथे बरा होत आलेला माणूस पुन्हा लवकर आजारी पडतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. हा फरक बारीक वाटेल, पण माझ्या आईला तो वेळेवर कोणी सांगितला असता तर तिने आयुष्याची अखेरची वर्षे स्वतःला अपराधी मानण्यात घालवली नसती. शास्त्राने जी कल्पना सोडून दिली ती भयकथेने अजून सांभाळून ठेवली आहे.

याउलट रुग्णाच्या बाजूने भय सांगणारी कथा कशी असते, याचा एक जुना आणि आजही न शिळावलेला नमुना अमेरिकेतला आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर मन खचलेली एक स्त्री, तिचा डॉक्टर नवरा, घर सांभाळणारी नणंद, भाड्याने घेतलेले जुने घर आणि वरच्या मजल्यावरची गज लावलेली खोली, एवढ्यावर ती उभी आहे. नवरा वाईट नाही. तो प्रेमळ आहे, समजूतदारपणे बोलतो, आणि तिचे म्हणणे मात्र एकदाही ऐकत नाही. विश्रांती म्हणून तिला लिहायचीही बंदी आहे, म्हणून ती चोरून लिहिते, आणि ते चोरटे लिखाण म्हणजेच कथा. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड तिला एक बाई दिसू लागते. गिलमन यांनी स्वतः असा उपचार भोगला होता. वायर मिचेल या त्या काळच्या नामवंत डॉक्टरांनी त्यांना घरगुती आयुष्य जगायला आणि पुन्हा कधीही लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हातात न धरायला सांगितले होते. कथा छापून आल्यावर बोस्टनच्या एका डॉक्टरांनी अशी गोष्ट लिहिली जाऊ नये, ती वाचून कोणीही वेडे होईल, अशी तक्रार केली. १९१३ साली गिलमन यांनी त्याला उत्तर दिले की त्यांचा हेतू लोकांना वेड लावण्याचा नव्हता, वेडाच्या वाटेला लावले जाणाऱ्यांना वाचवण्याचा होता. या कथेत वेड शेवटच्या पानावर उलगडत नाही. ते पहिल्या पानापासून आपल्यासोबत असते, आपण त्याच्या आत बसून बाहेर पाहत असतो, आणि म्हणून बाहेरचे शहाणे जग भयंकर वाटू लागते.

आता आमच्या स्वयंपाकघराविषयी.

१९९१ साली दादाने गोळ्या घेणे बंद केले. त्याच्या अन्नात कोणीतरी विष घालते असे त्याला वाटू लागले होते. हा संशय या आजारात फार नेहमीचा आहे. तेव्हा आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी एक बाटली लिहून दिली. तिच्यातल्या औषधाला रंग नव्हता, वास नव्हता, चवही नव्हती. जेवणात मिसळून द्या, त्याला कळणार नाही, असे सांगितले गेले. असा सल्ला आपल्याकडे अनेक घरांना मिळाला आहे आणि मिळतो. त्यात दुष्टावा नसतो, हतबलता असते. आप्पा तेव्हा थकले होते आणि आईचा हात थरथरे, म्हणून ते काम माझ्याकडे आले. बाटली हिंगाच्या डबीमागे ठेवलेली असे. दादाच्या वाटीत वरण वाढायचे, दाराकडे पाठ करायची, सात थेंब मोजायचे, चमच्याने ढवळायचे आणि वर तुपाची धार सोडायची, म्हणजे ढवळल्याची खूण राहत नसे. मी तेव्हा विशीत होते. सकाळी शाळेत मुलांना खरे बोलावे असे शिकवून येत होते आणि रात्री हे करत होते. पानावर बसल्यावर दादा माझ्याकडे पाहून रोज विचारी, "यात काही नाही ना?" आणि मी रोज सांगे, "नाही रे दादा, काय असणार?"

औषधाने गुण आला, हे मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. आवाज दूर गेला, झोप परतली, तो पाणी पिऊ लागला. दोन वर्षे असे चालले. १९९३ च्या श्रावणात एका रात्री तो पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा मी पाचव्या थेंबावर होते. तो काही बोलला नाही. त्याने माझ्या हातातली वाटी घेतली, मोरीत रिकामी केली, राखेने घासली, विसळली आणि फळीवर उपडी ठेवली. त्यानंतर अकरा दिवस त्याने फक्त केळी आणि कवचासकट उकडलेली अंडी खाल्ली. केळे देठापासून तपासून तो स्वतः सोलायचा, अंड्याला तडा असेल तर बाजूला ठेवायचा. बाराव्या दिवशी त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले.

संपादक महोदय, या प्रसंगात भयकथेला लागते ते सारे आहे. जुने घर आहे, बंद ओठांचे कुटुंब आहे, संशय आहे, आणि शेवटी एक उलगडाही आहे. पण तो उलगडा असा की ज्याला सगळे वेडा म्हणत होते तो खरे बोलत होता. त्याच्या अन्नात खरोखरच काहीतरी मिसळले जात होते, ते मिसळणारी त्याची बहीण होती, आणि विचारल्यावर ती रोज खोटे बोलत होती. भ्रम नेमका कुठे संपत होता आणि सत्य कुठे सुरू होत होते हे त्याने कसे ठरवावे, अशी आमची अपेक्षा होती? आजवर वाचलेल्या कथांत मी या प्रसंगाचा शोध घेतला. असा प्रसंग घडलेली घरे किती आहेत हे आमच्या गटात बसले की कळते, पण मला तो कुठल्याच मराठी भयकथेत सापडला नाही, कारण तेथे नजर नेहमी शहाण्यांच्या खांद्यावरून वेड्याकडे लागलेली असते.

घरात कोंडणे, बांधणे, लपवणे हेही याच जातीचे. बाहेरचे काही लागले आहे, करणी झाली आहे असे ठरले की उतारे, धुपारे, देवऋषी सुरू होतात. आमच्याकडेही एक वर्ष त्यात गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची ज्यांनी वाचली असेल त्यांना ठाऊक असेल की भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे तेथे गुन्हे म्हणून नोंदवलेले आहे. कायद्याने एकेका कृतीचे नाव घेतले, कारण त्या एकेका कृती होत होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी केंद्राला आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांना तेथे त्यांच्या घरच्यांनीच आणून सोडले होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली.

मराठीत दुसरी नजर अगदीच नाही असे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटात हाच आजार झालेला कोकणातला शेष आणि त्याची बहीण सीना यांची कहाणी आहे. तो भयपट नाही. तरीही अतुल कुलकर्णी यांचा शेष पडद्यावर घाबरतो तेव्हा प्रेक्षक त्याला घाबरत नाही, त्याच्यासोबत घाबरतो. हा चित्रपट मी दादासोबत पाहिला. मध्येच तो उठून बाहेर गेला, व्हरांड्यात उभा राहिला आणि थोड्या वेळाने परत येऊन शेवटपर्यंत बसला. घरी येताना रिक्षात म्हणाला, "त्यांनी विचारलेलं दिसतंय कुणाला तरी."

हाच शब्द मला नव्या लेखकांपर्यंत पोहोचवायचा आहे, म्हणून पत्र आपल्याकडे पाठवते. विचारावे. स्वमदत गटांत या, आमच्या घरी या, शुभार्थींशी बोला. बरे असतानाच्या काळात ते आपल्या भीतीविषयी जितक्या नेमकेपणाने बोलतात तितके कुठलाही कथाकार लिहीत नाही. आणि आपण, संपादक म्हणून, पुरवणीसाठी किंवा दिवाळी अंकासाठी अशी कथा हाती आली की शेवटचे पान आधी वाचून पाहा. तेथे 'तो वेडा होता' एवढेच उत्तर असेल तर कथा लेखकाकडे परत पाठवा आणि त्याला विचारा की याच घटना त्या मुलाने सांगितल्या असत्या तर कशा सांगितल्या असत्या. मला वाटते त्यातून अधिक भीतिदायक कथा हाती येईल.

दादा आता साठीला आला आहे. नवी औषधे त्याला मानवतात, गोळ्या तो स्वतः घेतो, रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत फिरून येतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार नव्या कायद्याने दिला, तेव्हा त्याने तसा कागद लिहिला. 'माझ्या खाण्यापिण्यात मला न सांगता काहीही मिसळू नये' हे त्यातले पहिले वाक्य आहे. स्वतःला निर्णय घेता येणार नाही अशा वेळी आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या जागी त्याने माझे नाव लिहिले आहे.

त्याच्याविषयी त्याला न विचारता काही छापले जाऊ नये म्हणून हे पत्र मी काल त्याला वाचायला दिले. त्याने दोन वेळा वाचले, पेन्सिलीने एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि म्हणाला, "श्रावणात कळलं असं लिहिलंयस ते बरोबर नाही. मला होळीच्या आधीच कळलं होतं. तू तूप आधी नाही घालायचीस, नंतर घालायला लागलीस."

मी विचारले, मग चार-पाच महिने तू ते वरण का खात होतास?

"आई समोर बसायची ना," तो म्हणाला.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा
(भावाच्या संमतीने पत्र पाठवत आहे; कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)